साडेचार तासांचं अपहरण

मला परग्रहावरच्या लोकांनी उडत्या तबकडीतून पळवून नेलं आणि साडेचार तासांनी सुखरूप परत आणून सोडलं. कार्यालयाच्या दप्तरी तशी नोंद आहे, खाली माझी सही आहे. आता ही गोष्ट आपण विसरून जाऊ. असं काही झालंच नाही. मी काही बोललो नाही, तुम्ही काही वाचलं नाही.

तर त्या दिवशी, काहीही न होता, मी सकाळी नऊ वाजता खाली उतरलो.

मी पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. हंगामी. सलग सहा महिने हजेरी लागली की कायम. एक जरी बिनकारणाचा खाडा पडला, की पुन्हा पहिल्यापासून मोजणी! माझे दोनच दिवस उरले होते. आईने तर मी कायम झाल्याचं सगळ्या नातेवाइकांना कळवूनही टाकलं होतं.

आवारात इमारतीची नवी टाकी येऊन पडली होती. स्टीलची, गोल, बुटकी, नवऱ्या मुलासारखी चकचकीत.

"ही काही दोन हजार लिटरची नाही!" तळमजल्यावरच्या काकू कमरेवर हात ठेवून म्हणाल्या.

"काकू, टाकी या विषयात माझा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. आत उतरून माप घेतो, दोन मिनिटांत सांगतो!"

आता, आमच्याकडे एक परिपत्रक आहे. 'कोणत्याही टाकीत उतरणाऱ्या कर्मचाऱ्यास तत्काळ सेवामुक्त करण्यात येईल.' ते टाइप मीच केलं होतं, आणि 'कोणत्याही' हा शब्द साहेबांना मीच सुचवला होता. पण काकूंसमोर माघार घ्यायची? छे!

मी आत उतरलो. तेवढ्यात काकूंचं दूध उतू गेलं आणि त्या घरात पळाल्या. टाकीत काय गारवा हो! माप घेण्यापूर्वी अंदाज यावा म्हणून मी जरा पाठ टेकली. जाग आली तेव्हा टाकी झोके घेत होती.

झाकणातून डोकं बाहेर काढलं, तर समोर चौथा मजला! टाकी गच्चीवर चढवणारी क्रेन इमारतीच्या मागे, टाकी पुढे, टाकीत मी. आणि गॅलरीत आमचे निवृत्त हेडमास्तर. नुकतंच डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याला चष्म्याची बंदी. त्यांना दिसलं ते इतकंच, की चंदेरी गोल वस्तू आकाशात चाललीये आणि तिच्यातून एक मुंडकं हात हलवतंय.

"कोण रे तो?"

"मी आहे मास्तर! वाचवा!"

"अरे, कुठे निघालास?"

"मलाही माहीत नाही!"

"कोण नेतंय तुला?"

"कोणीच दिसत नाहीये!"

मी अक्षर न् अक्षर खरं सांगत होतो. त्या दिवशी हे पुन्हा घडलं नाही.

टाकी गच्चीच्या थोडं वर गेली आणि क्रेन बंद पडली. "मशीन बसली! मेकॅनिकला घेऊन येतो!" खालून चालक ओरडला.

"अहो, मी आहे इथे!"

"आपलं फक्त टाकीचं ठरलंय! माणसाचं काही बोलणं झालेलं नाही!" आणि तो गेला.

दोन वाजता गच्चीवर टेकलो, तो तसाच धावत कार्यालयात. वाटेत चौतीस कारणं तयार केली. उपयोग शून्य! साहेबांच्या खोलीत हेडमास्तर आधीच बसलेले, तबकडीची आकृती काढत.

"आला! सोडला रे त्यांनी तुला!" ते मला मिठी मारून म्हणाले. "काही टोचलं-बिचलं तर नाही ना?"

साहेब शांत होते. त्यांना तीस वर्षांत कशाचंच आश्चर्य वाटलेलं नाही. "हे म्हणतात ते खरं?"

नाही म्हणावं तर टाकी, हो म्हणावं तर वेडा. वेडेपणावरून आमच्याकडे आजवर एकालाही काढलेलं नाही. मी म्हणालो, "होय साहेब."

"किती जण होते?"

"तिघं."

"चौघं!" हेडमास्तर म्हणाले. "चौथा चालवत होता!"

"बळजबरीने नेलं, की स्वखुशीने गेलास?"

"बळजबरीने, साहेब!"

"बरं झालं. स्वखुशीने असतं तर आधी अर्ज लागला असता." साहेबांनी नोंद केली, माझी सही घेतली. "कारण मान्य."

मी साहेबांच्या पाया पडायला वाकलो. वाकलेला असतानाच वरून आवाज आला, "सोबत दाखला जोड."

"कसला?"

"आजारी पडलास तर डॉक्टरचा आणतोस ना? तुला तबकडीवाल्यांनी नेलं, तर त्यांचा. नेल्याची वेळ, सोडल्याची वेळ, सही, शिक्का. तोवर हजेरी प्रलंबित, आणि कायम होणंही."

"पण मास्तर साक्षीदार आहेत ना!"

"एक डोळा पट्टीत आहे त्यांचा. साक्ष अर्धीच धरता येईल."

खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं. साहेबांच्या मागे भिंतीवर ते परिपत्रक होतं. मी तोंड मिटलं.

घरी आईने दारातच विचारलं, "झालास का कायम?"

"प्रलंबित झालोय."

"म्हणजे कायमच्या वरचं का रे?" आणि ती फोनकडे धावली.

मी कागद घेऊन बसलो.

प्रति, माननीय तबकडीप्रमुख. ग्रहाचे नाव ठाऊक नसल्याने जागा कोरी सोडली आहे. विषय: अपहरणाचा दाखला मिळणेबाबत. महोदय, आपण मला दिनांक अमुक रोजी सकाळी साडेनऊ ते दुपारी दोन या वेळेत नेल्याचा दाखला सहीशिक्क्यासह तीन प्रतींत त्वरित द्यावा. आपण अस्तित्वात नसल्यास तसे लेखी कळवावे, ही नम्र विनंती.