अण्णांचे क्रेप आणि मनोरीचे पाहुणे

“क्रेप? अगं, हातचा मळ आहे माझ्या!” अण्णांनी जाहीर केलं, तेव्हा त्यांनी आयुष्यात एकही क्रेप केलेला नव्हता. खाल्ला होता, तोही एकदाच, वांद्र्याच्या एका हॉटेलात. पण बँकेतून निवृत्त झाल्यापासून अण्णांना सगळंच येत होतं. मिक्सर दुरुस्तीही येत होती, म्हणून तर घरात सध्या पाटा-वरवंटा होता.

“म्हणजे घावनच ना?” त्यांच्या बायकोने, क्षमाताईंनी विचारलं.

“घावन काय, घावन! मैदा, दूध, अंडं! पातळ, मऊ, आणि आत तिखटमिठाचं सारण. फ्रान्समध्ये खातात!”

“मग फ्रान्सला जाऊन करा. माझा बिडाचा तवा मिळणार नाही.”

त्याचं असं होतं की, रविवारी मुलाचं, म्हणजे निहारचं, लग्न ठरायचं होतं किंवा फिसकटायचं होतं. मुलगी यव्होन, मनोरीची. तिचे आईवडील, व्हायोलेट आणि ह्युबर्ट, पहिल्यांदाच मुलुंडला जेवायला येणार होते. यव्होनने आधीच सांगून ठेवलं होतं, “डॅडी तयार आहेत. मम्मीलाच टेन्शन आहे, मी तुमच्या घरी रमेन की नाही.”

यावर अण्णांनी रात्रंदिवस विचार केला आणि निष्कर्ष काढला: कोंबडी! त्या माउलीला दुसरी कसली काळजी असणार? लेक शुद्ध शाकाहारी घरात पडली तर दुधीभोपळा खाऊन खंगेल, हीच! तेव्हा पाहुण्यांना पहिल्याच घासाला कळलं पाहिजे की हे घर किती पुढारलेलं आहे.

आता हे घर पुढारलेलं होतं, पण अंड्यापर्यंतच. तेही वेगळ्या तव्यावर. त्यापलीकडचं काही क्षमाताईंच्या स्वयंपाकघरात शिरलं असतं, तर त्या स्वतः माहेरी शिरल्या असत्या. म्हणून अण्णांनी स्टेशनजवळच्या एका हॉटेलातून तयार चिकन खिमा आणला, श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात भरला आणि बायकोला सांगितलं, “सोयाबीनचा आहे.”

“वास जरा वेगळा येतोय.”

“आयुर्वेदिक मसाला आहे!”

रविवारी सकाळी अण्णा अंड्याच्या तव्यापुढे उभे राहिले. पहिला क्रेप तव्याला असा चिकटला, जणू भाडेकरू! दुसरा निघाला, पण तुकड्यातुकड्यांनी. तिसरा त्यांनी हॉटेलातल्या शेफसारखा हवेत उडवला. तो खाली आलाच नाही. बराच शोध घेतल्यावर तो फ्रिजच्या मागे सापडला. मग मात्र हात बसला. क्रेप कागदासारखे पातळ उतरायला लागले. अण्णांनी आत खिमा भरला, वर चीज किसलं, सुबक घड्या घातल्या आणि आपल्याच कलाकृतीकडे बघून त्यांचे डोळे पाणावले.

“निहार, बघ! झकास जमलेत ना?”

“अण्णा, दिसतायत तर भारी. पण यव्होनच्या मम्मींना साधा वरण-भात पण चालला असता हो.”

“तू गप रे! तुला काय कळतंय?”

पाहुणे बाराच्या सुमारास आले. मनोरीहून मार्वेपर्यंत खाडीतली बोट, पुढे रिक्षा, आणि हातात घरच्या वाडीतल्या वांग्यांनी भरलेली पिशवी. ह्युबर्ट उंचापुरा, हसरा माणूस. व्हायोलेट मात्र सोफ्याच्या अगदी कडेला बसल्या आणि देव्हाऱ्याकडे, भिंतीकडे, क्षमाताईंच्या पदराकडे आळीपाळीने बघत राहिल्या. यव्होन आणि निहार परीक्षेचा निकाल लागायच्या आधी बसतात तसे बसले होते.

अण्णांनी स्वतः प्लेटी आणल्या. “घ्या! माझ्या हातचे क्रेप!”

“अरे वा!” ह्युबर्टने काटा उचलला. “बरं झालं तुमच्याकडे शुद्ध शाकाहारी असतं. नाहीतर सध्या आम्हाला कुठं जायची चोरी झालीय.”

“का बरं?” अण्णांनी विचारलं.

“आमचा लेंट चालू आहे ना,” व्हायोलेट म्हणाल्या. “उपासाचा काळ. ईस्टरपर्यंत मटण-कोंबडी बंद, अंडं तेवढं चालतं. ह्या वेळी तर आम्ही तिघांनी मासळीपण सोडलीय. मनोरीत राहून, दारात मासळी येते तरी! यव्होनचं सगळं नीट जमू दे म्हणून नवस केलाय.”

चाळीस वर्षांच्या संसारात घरात पहिल्यांदा कोंबडी आणली, आणि ती नेमकी नवस पाळणाऱ्यांच्या ताटात! ह्युबर्टचा काटा तोंडाकडे निघाला होता. अण्णांना दुसरं काही सुचेना.

“थांबा!” ते ओरडले आणि त्यांनी ह्युबर्टच्या हातातून प्लेट हिसकावली. मग व्हायोलेटची. मग यव्होनची. “खाऊ नका! त्यात... त्यात पाल पडली होती!”

“पाल?” सगळे एकदम.

“सारणात! आत्ता आठवलं मला!”

स्वयंपाकघरात काहीतरी आपटलं. क्षमाताई दारात आल्या, चेहरा पांढराफटक. “अहो, मी दोन खाल्ले! चव बघायला!”

मग जो काय गोंधळ उडाला! ह्युबर्ट म्हणाला, मिठाचं पाणी द्या, उलटी काढा. निहार ॲम्ब्युलन्सला फोन लावत होता आणि पत्ता सांगताना स्वतःच्याच बिल्डिंगचं नाव विसरला. व्हायोलेटनी क्षमाताईंचा हात घट्ट धरला आणि डोळे मिटून प्रार्थना सुरू केली. क्षमाताई सोफ्यावर आडव्या झाल्या आणि निरवानिरवीला लागल्या.

“निहार, माझ्या पाटल्या यव्होनला दे रे. आणि ह्यांना गॅसजवळ जाऊ देऊ नकोस.”

“अगं, काही होत नाही तुला!” अण्णा कळवळून म्हणाले.

“तुम्हाला काय माहीत? पाल विषारी असते!”

“हॅलो, हो, लवकर या! आईने पाल खाल्ली!” निहार फोनवर ओरडत होता.

अण्णांनी झडप घालून फोन बंद केला. बायको जाईल या भीतीने नव्हे, ती बोलत होती म्हणजे ठणठणीत होती. पण उद्या अख्ख्या मुलुंडमध्ये पालीची बातमी झाली असती. त्यांनी डोळे मिटले.

“पाल नाही! कोंबडी आहे! चिकन खिमा आहे तो!”

व्हायोलेटनी प्रार्थना अर्धवट सोडून डोळे उघडले.

“मला वाटलं तुम्हाला बरं वाटेल,” अण्णा व्हायोलेटना म्हणाले. “मुलगी इथं उपाशी राहील असं वाटू नये म्हणून. चुकलो मी. तुमचा नवस मोडत होता, हिचं सोवळं तर मोडलंच. आता लग्नाला नाही म्हणालात, तरी तुमचं बरोबर आहे. पण राग माझ्यावर धरा, पोरांवर नको.”

क्षमाताई उठून बसल्या.

“तरीच!” त्या म्हणाल्या. “सोयाबीन कधी इतकं छान लागतं का?”

“म्हणजे?” अण्णांनी डोळे उघडले. “तुला कसं कळलं कोंबडीची चव कशी असते?”

क्षमाताईंनी पदर सारखा केला. “घाटकोपरला आमची भिशी असते ना, लताकडे...”

“दर महिन्याला असते ती!”

“मग? तुम्ही नाही का ओव्हरटाइमच्या नावाखाली कोंबडी खाऊन बडीशेप चघळत यायचात?”

अण्णांनी निहारकडे पाहिलं. निहारने छताकडे पाहिलं.

“निहार, आता तूपण सांगून टाक, बाबा,” ह्युबर्ट म्हणाला आणि गदगदून हसायला लागला. “आमच्याकडे कोलंबीचं लोणचं तोच तर संपवतो!”

व्हायोलेट मात्र हसत नव्हत्या. त्यांनी डोळे पुसले. “मला वाटायचं, फार सोवळ्यातली माणसं असतील. आमची पोरगी दिवसभर घाबरून राहील. जेवणाचं काय, ती पेजेवर पण राहते हो. पण तुम्ही तर...” त्या थांबल्या, योग्य शब्द शोधत. “तुम्ही तर आमच्यापेक्षा चालू निघालात! मला पसंत आहे हे घर.”

यव्होनने क्षमाताईंना मिठी मारली. मनोरीच्या वांग्यांचं भरीत झालं, उरलेल्या पिठाचे क्रेप उतरले, आणि पाहुण्यांनी ते भरीत घालून पोटभर खाल्ले. यजमानांनी टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसून खिम्याचे संपवले. मधेच क्षमाताईंनी अण्णांच्या प्लेटमधला शेवटचा क्रेपसुद्धा उचलला. नंतर पुष्कळ दिवस अण्णा ही गोष्ट सांगत राहिले, पण एवढं मात्र गाळून: त्या दुपारी मुलुंडच्या त्या शुद्ध शाकाहारी घरात शाकाहारी माणसं तिघंच होती, आणि ती तिन्ही मनोरीहून आली होती.