सकपाळमामांचा डावा कान

सकपाळमामांना मी लग्नाच्या पंगतीत कानांवर आवाज अडवणारा इअरमफ घालून जेवताना पाहिलं आहे. लग्न पोलादपुरात होतं, आमच्या कारखान्यातल्या एका फिटरच्या मुलीचं. मांडवाच्या दारात बँडवाले जीव तोडून वाजवत होते, वऱ्हाड नाचत होतं आणि मामा डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवरून पिवळाधमक मफ अशा थाटात जिलेबी खात होते. वाढपी दोनदा "भात, भात" करत त्यांच्यासमोरून गेला. मामांना पत्ता नाही. रायगड जिल्ह्यातला माणूस भाताशिवाय पंगतीतून उठला, याची त्या मांडवात बराच वेळ चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला तर म्हणाले, "हाय ते बरं हाय."

हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पगारवाढ कमी झाली, हाय ते बरं हाय. कँटीनच्या आमटीत डाळ सापडेना, हाय ते बरं हाय. युनियनच्या निवडणुकीत दोन्ही पॅनलचे लोक त्यांच्याकडे मत मागायला गेले, दोघांनाही हेच उत्तर मिळालं आणि दोघांनीही ते मत आपलं धरलं.

मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायनांच्या कारखान्यात सुरक्षा अधिकारी आहे. या नोकरीत अपघात झाला नाही तर माझा उपयोग काय हे कुणाला कळत नाही, आणि झाला तर मी काय करत होतो हे सगळे विचारतात. मामा आमच्याकडे ब्लोअर ऑपरेटर. कारखान्याच्या मागच्या कुंपणाला लागून सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट आहे. त्याच्या टाक्यांत रात्रंदिवस हवा सोडावी लागते, आणि ती सोडणारी यंत्रं म्हणजे ब्लोअर. ती ज्या खोलीत आहेत तिथे शेजारी उभ्या माणसाच्या कानाशी ओरडलं तरी त्याला फक्त थुंकी लागते, शब्द पोचत नाही. अशा खोलीत मामांची सारी नोकरी गेली.

कामगारांचे कान वाचवण्यासाठी आमच्याकडे एक कार्यक्रम आहे. म्हणजे गेटवर पाटी आहे, सुरक्षा सप्ताहात भाषण आहे, भाषण ऐकणाऱ्याला स्टीलचा डबा आहे आणि स्टोअरमध्ये कानात घालायच्या स्पंजच्या इअरप्लगची खोकी आहेत. पाटीवर मफ घातलेल्या मामांचा फोटो. मुंबईच्या मुख्य कार्यालयातून आदेश आला, की या कार्यक्रमाचं मूल्यमापन करा, आमची मंडळी पाहणीला येतील. मी खूश झालो. प्लगचा खप महिन्यागणिक वाढत होता. 'कामगारांत मोठी जागृती' असं वाक्यही मी मनात तयार करून ठेवलं.

त्याच रविवारी मी तुडीलला मेहुण्याकडे गेलो होतो. सावित्री नदीच्या काठाने फिरताना पाहिलं तर एक गडी गळ टाकून बसलेला, आणि पाण्यावर त्याच्या दोरीला आमचे नारिंगी प्लग तरंगत होते. गडी आमच्याच बॉयलरवरचा. मला पाहून दचकला नाही, उलट सरकून जागा दिली. म्हणाला, "सायब, बुडत नाय बगा. मासा लागला की लगेच कळतं. लय भारी माल हाय."

मग मी शोधच लावला. नाते गावाहून येणाऱ्या एकाने शिमग्याच्या ढोलांना बुजणाऱ्या बैलाच्या कानात ते घातले होते. बैलाचं समाधान झालं होतं. एकाच्या बायकोने घरच्या डगमगत्या मिक्सरच्या पायांना बसवले होते. कानात प्लग घालणारे सापडले, पण ते दुपारी झोपताना घालत होते. सगळ्या कारखान्यात नेमाने कान झाकणारा माणूस एकच, सकपाळमामा. माझ्या मूल्यमापनाची सारी अब्रू त्यांच्या दोन कानांवर टांगलेली होती.

आणि त्यातला एक कान फितूर निघाला.

दर वर्षी श्रवणचाचणीची गाडी येते. आतल्या बंद खोलीत कामगाराला बसवतात, कानात बारीक आवाज सोडतात, ऐकू आला की त्याने बटण दाबायचं. मामांचा उजवा कान चांगला निघाला. डावा मात्र दरसाल खाली खाली चालला होता. आमच्या डॉक्टरांनी चष्मा कपाळावर चढवला. "मफ दोन्ही कानांवर असतो ना हो? मग आवाज एकाच कानात कसा शिरतो?"

मी मफ तपासला, बदलला, पुन्हा तपासला. मामांची उभं राहण्याची जागा पाहिली. इलेक्ट्रिकलचा फोरमन म्हणाला, "डाव्या बाजूला बायको बसत असेल." पण मामांची बायको तर कधीचीच मुंबईला. मुलगा आणि सून दोघंही नोकरीला, म्हणून ती नातवाला सांभाळायला कळव्याला गेली होती. मामा पोलादपूरच्या वरच्या अंगाला डोंगरातल्या वाडीत एकटेच राहायचे. सकाळी भाकरी भाजून डबा भरायचा, उतार उतरून कंपनीची बस धरायची. डावा कान खराब व्हावा असं त्यात काहीच नव्हतं.

शेवटी मी पुस्तकातलं पहिलं कलम लावलं. माणसाचे कान झाकत बसण्यापेक्षा यंत्राचं तोंड झाका. ब्लोअरभोवती आवाज अडवणारी जाड पेटी बसवावी, असा प्रस्ताव मी पाठवला. मुख्य कार्यालयाची मंडळी यायची असल्याने तो मंजूरही झाला.

ज्या माणसाने आयुष्यात कशाला हरकत घेतली नाही, त्याने या पेटीला घेतली. एका रविवारी मामा पिशवीत घरचे तांदूळ घेऊन महाडला माझ्या दारात उभे. बायकोने चहा ठेवला. मामांनी कपाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"सायब, ती पेटी नको."

"का हो?"

"मशीन तापल."

"आत पंखा आहे."

"साप शिरल. पावसाळ्यात ऊब धरून बसतो."

"सगळीकडून बंद आहे, मामा. मुंगी शिरायची नाही."

मामा फरशीकडे बघत म्हणाले, "आवाज हाय तो असू दे की. कोनाचं काय खातोय?"

"तुमचा कान खातोय. असाच राहिला तर डाव्या कानाने काही ऐकू येणार नाही."

"जाऊ दे," मामा म्हणाले. "दुसरा हाय."

मी त्यांना कानाच्या आतल्या नसांवर एक छोटं व्याख्यान दिलं. ते त्यांनी मान हलवत ऐकलं, बहुधा डाव्या कानाने. जाताना तांदूळ ठेवून गेले. ते गेल्यावर बायको म्हणाली, "त्यांना तो आवाज हवाय रे." मी म्हणालो, आवाज कुणाला हवा असतो? जुन्या माणसांना बदल नको असतो, हे मी प्रशिक्षणात शिकलो आहे.

पेटी बसली. दुपारी जेवणाच्या सुट्टीत आवाज मोजायचं मीटर घेऊन मी ब्लोअर हाऊसमध्ये गेलो. काटा इतका खाली, की मीटरच बिघडलं असेल असं मला आधी वाटलं. खोलीत साधं बोललेलं ऐकू येत होतं. टाकीतल्या पाण्याचे बुडबुडेसुद्धा ऐकू येत होते. मला इतका आनंद झाला की पेटीवर दोन थापा मारल्या.

मामा अर्धवट पाठमोरे पलीकडे उभे होते. मी आल्याचं त्यांना कळलं नसावं. त्यांनी खिशातून बटणांचा छोटा फोन काढला, नंबर लावला, सवयीने डाव्या कानावरची मफची वाटी वर सरकवली आणि तिथे फोन धरला. डाव्या कानाचं कोडं असं एका क्षणात सुटलं. पण मी काही म्हणायच्या आत फोनमधून बाईचा आवाज आला, मलाही ऐकू येईल इतका स्वच्छ.

"अवो, आज मशीन बंद हाय काय? घों घों येत नाय ती?"

मामांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं.

"अवो? हायसा ना?"

"हाय," मामा म्हणाले आणि फोन बंद केला.

मग वळले तर समोर मी. ते चिडले नाहीत. बाहेर येऊन टाकीच्या कट्ट्यावर बसले, मीही बसलो. मामा आपणहून सांगू लागले. "वाडीत रेंज नाय सायब. देवळाच्या पाराशी येते, पन तितं सगळी वाडी उभी. एक बोलतो, बाकीची ऐकतात. तितं मानूस काय बोलनार? पाऊस झाला, लावनी झाली, म्हस याली. संपलं. तिच्याकडं एकच खोली. सून समोर, पोरगा समोर."

"म्हणून तुम्ही इथून फोन करायचात."

"रोज. जेवनाच्या सुट्टीत."

"पण मामा, या आवाजात तिला तरी काय ऐकू येणार?"

"नाय ना येत," मामा म्हणाले. "म्हून तर बोलता येत व्हतं."

त्यांनीच पुढे सांगितलं, की काय वाटेल ते बोलायचो. रात्री घर खायला उठतं, ते बोलायचो. तू आजारी पडलीस तेव्हा मी वाडीच्या वाटेवर बसून रडलो, ते बोलायचो. आणि टोपी काढून गुडघ्यावर ठेवत म्हणाले, "नाव घेऊन बोलायचो."

मामांच्या वयाचा नवरा त्या वाड्यांमध्ये बायकोला नावाने हाक मारत नाही. 'अगो' म्हणतो, 'ऐकलंस काय' म्हणतो, नाहीतर मुलाच्या नावाने बोलावतो. लग्नात उखाण्यात एकदा नाव घेतलं की ते झाकून ठेवायचं. मामा ते रोज यंत्राच्या गर्जनेत घेत होते, आणि मी शास्त्रशुद्ध रीतीने ती गर्जना बंद केली होती.

मुख्य कार्यालयाची मंडळी आली. त्यांनी मीटर पाहिलं, पेटीवर थापा मारल्या, माझं कौतुक केलं. मामांचा कान आता आणखी बिघडणार नव्हता आणि तो वाचवायलाच हवा होता, यात आजही मला शंका नाही. पण त्या कौतुकाने मला काही आनंद झाला नाही. मामा जेवणाच्या सुट्टीत डबा खाऊन नुसते बसून राहायचे. मी एकदा म्हटलं, "मामा, आता तर चांगलं ऐकू जाईल तिला. लावा की फोन." ते माझ्याकडे असे पाहत राहिले, जणू मी भर बाजारात त्यांना सदरा काढायला सांगत होतो.

असा पंधरवडा गेला असेल. एके दिवशी दुपारी गेटवरून पहारेकऱ्याचा निरोप आला, सकपाळांच्या मंडळी आल्या आहेत, रडवेल्या झाल्या आहेत, तुम्ही या. मी मामांना घेऊन गेलो.

बाई बारीक चणीची, नऊवारीतली, पायांत धुळीने भरलेल्या वहाणा. नातवाला शेजारणीकडे ठेवून पहाटेच्या एसटीने एकटीच आली होती. मामांना धडधाकट पाहिलं आणि तिची भीती गेली, तिच्या जागी राग आला.

"फोन का नाय?"

मामांनी टोपी काढून हातात घेतली.

"पोरगा बोलतो, आबा बरे हायत. बरे हायत तर फोन का नाय?" मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सायब, मी जेवायच्या वखताला जिन्यात जाऊन बसते. रोज. सून बोलते, आई, तितं काय ऐकता, नुसतं घों घों तर येतंय. ऐकते मी. येक शबुद कळत नाय. पन मानूस माझ्याशी बोलतंय येवडं तर कळतंय की. हे हितं तोंड हलवत्यात ते मला तितं कळतंय."

मामांच्या चेहऱ्याकडे मला बघवेना. त्यांना इतकी वर्षं वाटत होतं, की आपण एकट्यानेच बोलतोय.

"मशीनला पेटी बसवली," मामा कसेबसे म्हणाले.

"मग बसवू दे. मशीन कुटं बोलत व्हती? तुमी बोलत व्हता ना? मग बोला." तिने डोळे पुसले. "मी येवड्या लांबनं आले ती."

दुसऱ्या पाळीची बस नुकतीच लागली होती. माणसं उतरत होती, गेटवर हजेरीसाठी रांग धरत होती. मामांनी एकदा त्या रांगेकडे पाहिलं. मी त्यांना म्हणणार होतो, की माझ्या केबिनमध्ये बसा, दार लावून घ्या. तेवढ्यात ते बोलले. पण आयुष्यभर ब्लोअरशेजारी बोललेला माणूस. त्यांना तो शब्द एकाच पट्टीत बोलता येत होता.

"सुनंदा!"

रांग थांबली. पहारेकऱ्याच्या हातातलं पेन थांबलं. बसचा ड्रायव्हर खिडकीतून बाहेर वाकला.

तिने पदर तोंडाला लावला. कानापर्यंत लाल झाली होती.

"हळू बोला की," ती म्हणाली. "लोकं ऐकत्यात."

आणि तशीच त्यांच्यासमोर उभी राहिली, आणखी ऐकायला.