बेईमान बॅटरी

ढेंगळे जमादारांच्या घरात दिवसाढवळ्या सगळे दिवे जळत असतात. स्वयंपाकघरातला, न्हाणीतला, अंगणातला, आणि ज्या खोलीत कोणी जात नाही तिथलाही. भर उन्हात त्या घराकडे पाहिलं की वाटतं, आत लग्न आहे. आत एकटे जमादार बसलेले असतात, बनियनवर, प्लास्टिकच्या खुर्चीत. आलेल्या माणसाने सवयीने एखादं बटन बंद केलं तर ते चोर पकडल्यासारखे ओरडतात, "हात काढा! बटनले हात नाई लावाचा!"

मी त्यांचा शेजारी, लोहारा गावातल्या एका कारखान्यात हिशेब पाहतो. वाया गेलेलं युनिट मला दुसऱ्याच्या घरातलंही बोचतं. एकदा न राहवून मी त्यांच्या मीटरवरचा आकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला.

"वानखडे भाऊ," ते म्हणाले, "तुमी तुमचं मीटर वाचत जा ना."

त्यांच्या मंडळींना त्या उजेडात झोप येईना. त्या मुलाकडे नागपूरला गेल्या आणि तिकडेच राहिल्या. जमादारांनी दिवे ठेवले.

हाच माणूस पूर्वी अगदी उलटा होता. सकाळी फिरायला निघाला की ज्याच्या अंगणातला दिवा चालू दिसेल त्याचं दार वाजवायचा. "सूर्य निंघाला, दिसत नाई काय तुमाले?" नोकरीत असताना पोलीस ठाण्यातही तेच. ड्युटी संपली की खोल्याखोल्यांतून फिरून सगळी बटनं बंद करायची, मगच घरी जायचं. "सरकारची वीज हाय, कोनाच्या बापाची नाई," हे तेव्हाचं पालुपद. त्यांचा जोडीदार हवालदार सदाशिव मेश्राम याने त्यांचं नाव 'लोडशेडिंग' ठेवलं होतं. जमादार ते नाव पदकासारखं मिरवायचे.

आता पालुपद बदललं आहे. आता ते म्हणतात, "बॅटरी बेईमान हाय."

टॉर्चला ते बॅटरी म्हणतात. त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या वर्षात ठाण्यातल्या तीन सेलच्या जुन्या स्टीलच्या टॉर्च जमा करून घेतल्या आणि चार्जिंगच्या एलईडी टॉर्च दिल्या. खोक्यावर लिहिलं होतं, उजेड एक किलोमीटर जातो. जात असेलही. तिथे जाऊन तो काय करतो, हे खोक्यावर नव्हतं. टॉर्च सगळ्यांना मिळाल्या, चार्जिंगचा बोर्ड मात्र सगळ्या ठाण्यात मुन्शीच्या, म्हणजे ठाण्यातल्या कारकुनाच्या, खोलीतला एकच. साहेबांनी वाटपाचा फोटो काढून घेतला. बोर्डाचा फोटो कोणी काढला नाही.

"जुनी बॅटरी मानसावानी होती," जमादार सांगतात. "मराच्या आंधी पिवळी पडे, लाल पडे, सांगून जाये. हे पांढरी भवानी शेवटपर्यंत हासते अन् एकदम डोळे मिटते."

त्या भवानीने एका संध्याकाळी राळेगाव रस्त्यावर डोळे मिटले. नाकाबंदी होती. सदाशिव मेश्राम अंधारात रस्त्यावर उभा राहून ट्रकला टॉर्चने थांबायची खूण करत होता. उजेड गेला. ट्रकवाल्याला माणूस दिसला नाही. सदाशिवचा उजवा पाय गुडघ्यापासून काढावा लागला. जमादारांची ड्युटी त्या दिवशी सकाळची होती, दुपारी सुटली होती. बातमी आली तेव्हा ते घरी जेवत होते.

चौकशीत ठपका सदाशिववरच आला. टॉर्च चार्ज न करता ड्युटीवर गेला, स्वतःचा निष्काळजीपणा. "मी दुपारीच चार्जिंगले लावली होती," हे त्याचं म्हणणं. कागदावर असली वाक्यं सबबीसारखीच दिसतात. ज्याचा पाय गेला त्याने आता आपली अक्कल शाबूत होती हे सिद्ध करायचं होतं. त्याने अर्ज केला, फेरसुनावणी लागली. आणि तोवर निवृत्त झालेल्या जमादारांनी ठरवलं, गुन्हेगार टॉर्चच आहे, आणि तो गुन्हा आपण शाबीत करायचा.

त्यांनी तशीच टॉर्च विकत आणली. मोजायला खात्रीचा माणूस हवा होता. मी होतो.

आमची पहिली तपासणी शाळेच्या मैदानावर दिवेलागणीला झाली. मी जुन्या स्कूटरची नंबरप्लेट छातीशी धरून मागे मागे सरकत होतो.

"दिसते काय नंबर?" मी ओरडलो.

"नंबर नाई दिसत! तुमचा चष्मा चमकून राह्यला!"

"मग?"

"चष्मा चोर असता त पकडला असता!"

मैदान संपायच्या पुष्कळ आधीच नंबर वाचता येईनासा झाला. थंडीतल्या धुक्यात तर समोर पांढरी भिंत उभी राहायची आणि भिंतीपलीकडे नंबरप्लेटसकट मी. प्रत्येक वेळी जमादार टाळी द्यायचे. "बेईमान! म्हनलो होतो ना?"

पण सदाशिवच्या पायाशी याचा संबंध नव्हता. खरा प्रश्न एवढाच होता की पूर्ण चार्ज केलेली टॉर्च ड्युटीच्या मध्येच विझते का. ती आम्ही पूर्ण चार्ज करून त्यांच्या ओट्यावर पेटवून ठेवली. रात्रपाळी सुटायची वेळ झाली तरी ती जळत होती. पुन्हा लावली, पुन्हा जळत राहिली. तिसऱ्यांदाही तेच.

मी सरळ सांगितलं, "जमादार, खोक्यावर खोटं लिहिलंय. पण पूर्ण चार्ज असेल तर ही ड्युटी संपेपर्यंत विझत नाही."

"पुन्हा मोजा."

"तीनदा मोजलं."

कबुली न देणाऱ्या आरोपीकडे पाहावं तसे ते टॉर्चकडे पाहत राहिले. "म्हनजे सदाशिवनं चार्जच नाई केली, असं म्हनता तुमी?"

"मी नाही म्हणत. आकडा म्हणतो."

"तुमच्या आकड्याच्या…" त्यांनी शिवी अर्ध्यावर गिळली. नोकरीत त्यांनी एकही शिवी अर्ध्यावर सोडली नसेल.

सुनावणीच्या आधीच्या रविवारी ते मला राळेगावला घेऊन गेले. दर रविवारी ते एसटीने सदाशिवकडे जातात, हे मला तेव्हा कळलं. सदाशिव अंगणात बाजेवर बसला होता.

"ये जमादार," तो म्हणाला. 'लोडशेडिंग' म्हणाला नाही. "काहून रे, आज साक्षीदार घेऊन आला काय?"

"तू मुकाट्यानं बस. खर्रा खाऊन खाऊन दात पाह्य कसे झाले तुह्ये."

"पाय त गेला, आता दात तरी माह्या मर्जीनं जाऊ दे ना बाप्पा."

जमादार कोपऱ्यावर पान आणायला गेले. सदाशिवने मला विचारलं, "मोजली काय तुमी बॅटरी?"

मी मोजलं होतं ते सांगितलं. त्याला राग येईल असं वाटलं होतं. आला नाही.

"बराबर हाय तुमचं. बॅटरीत खोट नाई. मी दुपारी चार्जिंगले लावली अन् समन्स द्याले गेलतो. आलो, काढली, पेटवून पाह्यली, पांढरीझक्क. निंघालो. मधात कोनं तरी बटन बंद केलं होतं. आमच्या ठान्यात जाताजाता बटन बंद कराची सवय एकालेच होती."

मी म्हणालो, "हे सुनावणीत सांगा. तुमच्यावरचा ठपका जाईल."

"ठपका जाईन. पाय येनार हाय काय?" त्याने फाटकाकडे पाहिलं. "पह्यले ठान्यातले समदे येत. मंग एकेक कमी झाला. आता हा एकटा येते. मी बोललो त कोन्या तोंडानं येईन थो?"

"त्यांना माहीत आहे?"

"घरातले दिवे दिवसा जळतेत म्हनतेत त्याच्या."

"हो. सगळे."

"मंग?"

मीटरवरचा आकडा मी मोठ्याने वाचून दाखवला होता, ते मला आठवलं.

जमादार पान घेऊन आले. सोबत आणलेली ती तपासणीची टॉर्च त्यांनी सदाशिवच्या भिंतीवरच्या प्लगला लावली, बटन दाबलं, आणि लाल ठिपका लागेपर्यंत वाकून पाहत राहिले.

"रातच्या उठाले होते तुले. राहू दे तुह्याजवळ," ते म्हणाले. "बटन बंद नको करू."

"नाई करत."

"अन् सुनावनीत मी सांगतो, बॅटरी बेईमान होती म्हून."

सदाशिवने माझ्याकडे पाहिलं. माझ्याजवळ तीन वेळा मोजलेला आकडा होता. आयुष्यात पहिल्यांदा मी आकडा असून गप्प बसलो.

"सांग ना," सदाशिव जमादारांना म्हणाला. "अन् साहेब काय म्हनले थे सांगाले आइतवारी ये."