छोट्या बॅटरीची पूजा

गाडीच्या बाबतीत मला कुणी शिकवायला येऊ नये. विजेच्या गाडीत दोन बॅटऱ्या असतात. मोठी गाडी पळवते, छोटी दारं, दिवे आणि भोंगा सांभाळते. छोटीने मान टाकली की मोठी असून नसल्यासारखी. आमच्या घरातही तसंच झालं. दोन वर्षांपूर्वी सुगंधा, माझी बायको, गेली आणि मी जागचा हलेना.

म्हणून ठरवलं, छोटी बॅटरी बंद पडायच्या आधीच बदलायची. माझी मुलगी प्रांजल दुपारी बंगळूरहून येणार होती. घरात शिरली की ती लॅपटॉपमध्ये डोकं घालते. सांताक्रूझच्या विमानतळावर आणायला गेलो की नाहूरच्या घरापर्यंत मात्र माझ्याशी बोलते, ट्रॅफिकमध्ये दुसरं करणार काय? तेवढा तासभर मला हवा होता.

सोसायटीच्या मागच्या पार्किंगमध्ये मी स्वतः जुनी बॅटरी काढून नवी बसवली. पण आम्ही पडलो कोकणातले. नवी वस्तू पूजेशिवाय चालू करायची नाही. बॅटरीला हळद-कुंकू वाहिलं, नारळ फोडला. चावीलाही कुंकू लावून सीटवर विड्याच्या पानावर ठेवली, शेजारी मोबाइलवर आरती लावली. दार लोटलं आणि बॅटरीची तार जोडली.

कटाक! चारही दारं बंद आणि भोंगा बोंबलायला लागला. आत आरती चालूच.

पहिल्या मजल्यावरचा शिवदास बनियनवर धावत आला. "राजाराम, तार काढ ना आधी!"

तार काढली. भोंगा थांबला, दारं तशीच.

"चावी कुठाय?"

"आत. पानावर."

"फोन?"

"चावीच्या शेजारी."

"दक्षिणा तरी बाहेर ठेवलीस का रे?"

दुसरी चावी घरात होती. वर जाऊन कपाटं उपसली, मिळाली नाही. खाली येऊन दोघांनी काचेच्या फटीतून पट्टी घालून पाहिली, तीही आत पडली. तेवढ्यात आरती थांबली आणि मोबाइलवर नाव उजळलं, प्रांजल. विमान लवकर आलं होतं. मी काचेला तोंड लावून ओरडलो, "आलोच गं!" नाव विझलं, पुन्हा उजळलं, पुन्हा विझलं. मला रडू यायला लागलं.

आणखी तासभर आम्ही त्या दाराशी झटलो. शेवटी शिवदासने आपला फोन माझ्या हातात दिला. "वाट लागलीय आपली. विचार कुणाला तरी, चावी कुठाय ते."

हल्ली पोरीचा नंबर कुणाला पाठ असतो? मला एकच पाठ आहे. काही सापडलं नाही की वीस वर्षं तोच लावत आलो. बोटांनी लावूनही टाकला. सुगंधाचा तो फोन मी अजून घरात चार्ज करून ठेवतो. बँकेचे ओटीपी येतात त्यावर, असं लोकांना सांगतो.

रिंग वाजत होती. मला कट करवेना.

"हॅलो?"

"अगं, गाडीची दुसरी चावी कुठेय?"

"बाबा, मी प्रांजल. तू फोन उचलेनास, मग रिक्षा करून घरी आले. माझ्याकडे घराची किल्ली होती. आणि गाडी आई गेल्यावर घेतलीस ना तू? तिला कशी माहीत असणार?"

"खरंय," मी म्हणालो. "पण तिने शोधून दिली असती."

"थांब, मी खाली येते."

"ये सावकाश. तोवर बोलत राहा."

शिवदास फोनसाठी हात पुढे करून उभा होता. मी त्याच्याकडे पाठ केली.