अण्णाजींच्या पानाची राखण

"आठ दिवस! फक्त आठ दिवस द्या मले. हे पिल्लू माणसाहून शहाणं नाई केलं, तर रूपराव नाव लावणार नाई!"

पुलगावच्या पोस्टातले कारकून रूपराव नाचणगावच्या आपल्या अंगणात उभे राहून हे बोलले, तेव्हा पिल्लू त्यांचीच चप्पल खात होतं. पिल्लू म्हणायचं ते वयाकडे बघून. पाच महिन्यांचं ते धूड रूपरावांच्या बायकोच्या, जयवंताच्या कमरेला लागत होतं! पुलगावचा एक ठेकेदार बिऱ्हाड उचलून नागपूरला गेला आणि हे त्याच्या रिकाम्या बंगल्यामागे साखळीला तसंच राहिलं. तीन दिवस उपाशी. ऑफिसातून परतताना रूपरावांनी त्याचं रडणं ऐकलं आणि सायकल हातात धरून, त्याला चालवत घरी आणलं आणि शेरू नाव ठेवलं. वर्ध्याच्या जनावरांच्या डॉक्टरांनी त्याची जात ग्रेट डेन सांगितली, आणि वर "अजून दीडपट होईल" असं सांगून जयवंताची झोप उडवली.

वडील अण्णाजी असते तर हे कुत्रं फाटकातूनच परत गेलं असतं. कुत्र्यांचा त्यांना भारी तिटकारा. अंगणात कुत्रं दिसलं की हातात असेल ते फेकून मारायचे. एकदा अडकित्ता फेकला, तो विहिरीत गेला. पण अण्णाजींना जाऊन वर्ष होऊन गेलं होतं. त्या वर्षात घर कसं मुकं झालं होतं. आई मनकर्णाबाई भिंतीकडे तोंड करून बसायच्या आणि संध्याकाळी ओसरीवर रूपरावांशी बोलायला कुणी नसायचं. शेरू आल्यापासून दारात कुणीतरी त्यांची वाट बघत असे. एवढ्यासाठीच त्यांना तो हवा होता, आणि चाळिशीच्या माणसानं असलं काही बोलून दाखवायचं नसतं म्हणून ते शिकवणीच्या बढाया मारत होते.

"पुढच्या सोमवारी मामंजींचं पहिलं पित्र हाये," जयवंतानं बजावलं. "त्या दिवशी यानं पान बाटवलं, तर मंगळवारी हा घरात दिसणार नाई. सांगून ठेवतो!"

म्हणून रूपरावांनी एकच धडा घेतला, पण कसून घेतला. समोर पान मांडायचं. शेरूनं त्याला तोंड लावायचं नाही, आणि दुसऱ्या कुणाला जवळ येऊ द्यायचं नाही. रूपराव "ये" म्हणेपर्यंत हलायचं नाही. सहाव्या दिवशी शेरू लाळ गाळत, पण खांबासारखा बसू लागला. आठव्या दिवशी त्यानं पानाजवळ आलेल्या शेजारच्या कोंबडीला असं काही पाहिलं, की ती दोन दिवस अंडं द्यायची विसरली!

सोमवार उजाडला. खीर, उडदाचे वडे, कढी, गवारीच्या शेंगा, सगळं रांधून झालं. सेवाग्रामहून बहीण शोभाबाई आली. शेती बघणारा धाकटा भाऊ किसनराव आला. अण्णाजींचे चुलतभाऊ तानबाकाका तर सकाळी नऊलाच भूक घेऊन आले. शेरूला परसात बैलाच्या दाव्यानं बांधलं. किसनरावांनी शिडी लावून गोठ्याच्या आढ्याजवळ अण्णाजींचं पान ठेवलं, आणि सगळे अंगणात हात जोडून उभे राहिले. कावळ्यानं घास घेतला की मग मनकर्णाबाईंनी जेवायचं आणि मग घरानं.

कडुनिंबावर कावळे भरपूर होते. खाली मान करून पानाकडे बघत, काव काव करत होते. येत मात्र नव्हते! अर्धा तास गेला, एक तास गेला. वड्यांचा वास अंगणभर फिरत होता.

"अण्णाजीचा जीव कशात तरी अडकला," तानबाकाका गंभीरपणे म्हणाले. "ज्याच्या मनात जे असंल ते बोला गा. नाई तर बसा उपाशी!"

किसनराव पुढे झाले. "बाबा, वावराच्या धुऱ्यावरची तुमची बाभूळ मी तोडत नाई. आण घेतो!"

कावळा हलला नाही.

शोभाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. "बाबा, मायचा पाणी भरायचा तांब्याचा गुंड मी न विचारता नेला. उद्याच आणून देतो!"

कावळ्यानं चोच पुसली, पण ढिम्म.

"मामंजी, आत्याबाईंले मी उलटून बोलणार नाई," जयवंता म्हणाली आणि घाईनं पुढे जोडलं, "होता होईल तो!"

आता सगळे तानबाकाकांकडे बघू लागले. त्यांनी खाकरून घसा साफ केला, उपरणं झटकलं आणि अखेर आभाळाकडे बघून म्हणाले, "अण्णाजी, तुहा रेडिओ दुरुस्तीले नेला ना मी? तो बिघडलाच नव्हता गा! माह्या घरी रोज वाजून राह्यला!"

एवढं मोठं पाप बाहेर पडूनही कावळा आला नाही. दीड वाजला. मनकर्णाबाई सकाळपासून पाण्याशिवाय बसल्या होत्या. आता सगळ्यांचे डोळे रूपरावांवर आले.

"भाऊ," किसनराव हळूच म्हणाले, "बाबाले काय खपत नव्हतं, ते काय सांगा लागते?"

कुणाच्या तरी फाटकाबाहेर पुन्हा साखळीला बांधलेला शेरू रूपरावांना दिसू लागला. पण आईचे ओठ सुकले होते. त्यांनी हात जोडले. "बाबा, कुत्रं आजच देऊन टाकतो." एवढं बोलून ते तोंड लपवायला परसात गेले.

परसात दावं होतं, शेरू नव्हता! रूपरावांनी वर पाहिलं. गोठ्याच्या मागच्या अंगाला, अंगणातून दिसणार नाही अशी, गेल्या वर्षीच्या कडब्याची गंजी होती आणि तिच्यावर शेरू खांबासारखा बसला होता. अण्णाजींचं पान त्याच्या नाकापासून हातभर लांब होतं. लाळेची तार लोंबत होती, पण एका वड्यालाही दात लागला नव्हता. कावळा पंख उघडायचा, शेरू ओठ वर करायचा, कावळा पंख मिटायचा!

"ये रे," रूपराव कसेबसे म्हणाले. शेरूनं धप्पकन उडी मारली. त्याच क्षणी कडुनिंब रिकामा झाला.

"शिवला! शिवला!" अंगणात एकच ओरडा झाला. "पाह्यलं? कुत्र्याचं नाव काढलं आन् शिवला!"

आता खरं सांगायचं, तर बाभूळ, गुंड, रेडिओ, सगळं पाण्यात जाणार. आणि धनी येऊन जेवून गेला, असं आईला वाटत असेल ते? रूपराव पंगतीची पानं मांडायला लागले. जेवणं आटोपली, मंडळी आपापल्या घरी गेली, तसं शेरूचं दावं हातात घेऊन ते उठले.

"कुठं चाललास?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"शेरूले सोडाले. वचन देल्लं ना, माय."

"बस खाली. पान ठेवल्यावर मी परसात पाय धुवाले गेलती, तवाच पाह्यलं त्याले गंजीवर."

"मंग बोलली काऊन नाई? उपाशी बसली दीड वाजेपर्यंत!"

"बोलली असती तर तानबानं रेडिओ कबूल केला असता?" असं म्हणून मनकर्णाबाई हसल्या. वर्षानंतर पहिल्यांदा हसल्या, खांदे हलवून, पदर तोंडाला लावून. रूपरावांना इतकं बरं वाटलं, की डोळे भरून आले.

"म्हणजे बाबा आलेच नाई?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"आलते ना. नाई तर त्याले तिथं बसवलं कोणी?" आईनं ताटातला वडा उचलून शेरूपुढे धरला. तो बोटांसकट जाता जाता राहिला. "पन्नास वर्षं मी त्याईचं ऐकलं. आता कुत्र्यापुरतं ते माह्यं ऐकतील. वचनाचं मी पाहून घेतो."

रूपरावांनी दावं खुंटीला अडकवलं.

"आन् पुढच्या पित्राले," मनकर्णाबाई हात पुसत म्हणाल्या, "याले पहाटेच गंजीवर बसवजो. शोभीकडं माह्या पाटल्या हायेत!"