सात नंबरची फाईल

शिपाई ऑफिसात घेऊन गेला त्या फायली सात होत्या आणि बाईंच्या वर्गात मुलं होती सहा. मावशींनी हे सांगितलं सकाळी दहा वाजता, आणि समितीच्या मॅडम येणार होत्या साडेदहाला. सांगितलंही असं, की जणू खडू संपलाय. बाईंना मात्र खाली बसावं लागलं, आणि जवळ होती ती मुलांची खुर्ची, त्यामुळे त्या बऱ्याच खाली बसल्या.

ज्यांना चारचौघांच्या चालीने शिकता येत नाही, कुणाची अक्षरं ओळीत राहत नाहीत, कुणाला गोंगाट सोसत नाही, अशा मुलांना शिकवायचं रीतसर शिक्षण घेऊन बाई या शाळेत आल्या होत्या. मुख्याध्यापकांनी त्यांना ऑफिससमोरची मोडक्या बाकांची खोली दिली, एका वर्षापुरती, आणि तीही तोंड वाकडं करून. सरांचं मत पक्कं होतं. माणसाने मनावर घेतलं की सगळं जमतं, आपण आयुष्यात कुणाची मदत घेतली नाही, हे ते प्रत्येक सभेत ऐकवत. वर्षाअखेर समिती फायली बघणार होती. पटलं तर खोली राहणार, नाही पटलं तर मोडके बाक परत खोलीत आणि सहा मुलं परत आपापल्या वर्गाच्या शेवटच्या बाकावर. त्या बाकावर बसून ती मुलं आजवर एकच गोष्ट शिकली होती, खिडकीबाहेर बघणं.

मावशी बाईंच्या मदतनीस. त्याआधी वीस वर्षं त्यांनी शिवणाचं दुकान चालवलं होतं. निरीक्षणाचा तक्ता कसा भरायचा हे बाईंनी त्यांना पहिल्याच दिवशी शिकवलं. आपलं मत लिहायचं नाही, डोळ्यांना दिसेल तेवढंच लिहायचं. नाव तर मुळीच नाही, नुसता क्रमांक, कारण पोराच्या नावाला एकदा काही चिकटलं की ते निघता निघत नाही. मुलं सोमवारपासून येतील, तोवर कुणावर तरी हात बसवा, असं बाई बोलून गेल्या आणि विसरल्या. मावशींनी मान वर केली. समोर ऑफिसचं दार सताड उघडं होतं आणि आत सर चष्मा शोधत होते. चष्मा त्यांच्या कपाळावर होता.

"अहो, पण सराव झाल्यावर तो कागद फाडायचा होता, मावशी."

"फाडायचा कसा? माप घेतलं म्हणजे शिवायला नको?"

आणि मावशींनी खरोखरच वर्षभर शिवलं होतं. मुलांच्या चष्म्यांना त्यांनी दोऱ्या लावल्या, तेव्हा एक 'उरली' म्हणून सरांच्या गळ्यात घातली. मुलांना दिवसभराची कामं चित्रांनी दाखवणाऱ्या पट्ट्या केल्या, एक काम झालं की ते चित्र उलटं करायचं. त्यातली एक पट्टी 'पालकांना दाखवायला नमुना' म्हणून सरांच्या टेबलावर ठेवली, आणि दुसऱ्या दिवसापासून सर चित्रं उलटी करायला लागले. दुसरा बोलत असताना मधे तोंड घालायचं नाही, हे जमावं म्हणून मुलं मुठीत कोटाचं मोठं बटण धरत. सरांना एक बटण 'कागदावर ठेवायला बरं' म्हणून मिळालं होतं, ते आता कायम त्यांच्या खिशात असे. शिपायालाही मावशींनी पढवलं होतं, की सरांपुढे एका वेळी एकच कागद ठेवायचा.

सुधारणा डोळ्यांत भरण्यासारखी होती. सर सभा वेळेवर सुरू करत, आणि त्याहून मोठा चमत्कार म्हणजे वेळेवर संपवत. बघा, मनावर घेतलं की जमतं, असं ते शिक्षकांना छाती पुढे काढून सांगत आणि मावशी मागे बसून तारीख घालून तेही लिहून ठेवत.

"आणि माझी सही?" बाईंनी दबकत विचारलं.

"आहे की. दर तीन महिन्यांनी गठ्ठ्यात केलीत. सुंदर येते तुमची सही."

बाईंनी कपाळाला हात लावला. पण त्या हातपाय गाळून बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. गुपचूप फाईल उचलायची, आणि नाहीच जमलं तर सरळ सांगून मोकळं व्हायचं, असं ठरवून त्या तरातरा ऑफिसात गेल्या.

सरांच्या हातात नेमकी तीच फाईल होती. "बाई, या सात नंबरने मला जिंकलं हो," ते म्हणाले. "काय गुणी पोर आहे. मध्यंतराचा डबा खायला विसरतो, ऐका, आणि आपण जेवलो असं सगळ्यांना सांगतो."

"सर, त्या फाईलबद्दल मला—"

"आमचा धाकटा भाऊ डिट्टो असाच होता. मी मॅडमना पहिली हीच दाखवणार."

"नको सर, ती फाईल म्हणजे—"

"भिडस्तपणा सोडा, बाई."

बाईंनी तिसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा सर दाराशी पोचले होते. त्याच फाईलच्या पहिल्या पानावर मावशींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'समोरच्याचं वाक्य पुरं होऊ देत नाही', आणि खाली, 'दिनक्रम बदलला की जुन्या सवयी परत येतात'. आज समिती येणार म्हणून दिनक्रम सकाळपासूनच बदललेला होता.

मॅडम आल्या. कोरड्या चेहऱ्याच्या, मोजकं बोलणाऱ्या. मोडके बाक सध्या जिन्याखाली का पडलेत, हे त्यांनी आल्या आल्या विचारलं, त्यावरून त्यांचा कल कुठे आहे ते बाईंना कळलं. सहा फायली त्यांनी भराभर चाळल्या. कुणी चार मिनिटांऐवजी अकरा मिनिटं एका जागी बसत होतं, कुणी वर्षात पहिल्यांदा अख्खं पान वाचलं होतं. यामागे किती घाम गाळलाय हे बाईंना माहीत, मॅडमना दिसत होते नुसते आकडे. मग सरांनी सातवी फाईल पुढे केली.

ती मॅडमनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. एका पानावर त्या थांबल्या. मावशी आठवडाभर रजेवर होत्या आणि मदत बंद होती, तेव्हाची ती नोंद होती. त्या आठवड्यात सात नंबरने चष्मा चार वेळा हरवला, तीन जणांशी भांडण केलं आणि शाळा सुटल्याची घंटा दोन तास आधी द्यायला लावली. सगळी शाळा घरी गेली होती.

"विद्यार्थ्याने घंटा द्यायला लावली?" मॅडमनी विचारलं.

"हुशार आहे म्हणून तर," सर म्हणाले. तो दिवस त्यांना अंधूक आठवत असावा, कारण ते जरा थांबले. पण थांबणं हा त्यांचा पिंड नव्हता. "चला, भेटवतोच तुम्हाला."

आज सात नंबर आला नसेल, असं मावशी पुटपुटल्या. सर म्हणाले, कसा नसेल, आज सगळे हजर आहेत, मी स्वतः बघून आलोय. झालं, सगळी वरात खोलीत.

खोलीत सहा मुलं आपापलं काम करत होती. त्यांतली एक नऊ वर्षांची मुलगी दिसेल ते मोजायची, म्हणून सगळे तिला मोजणी म्हणत. तिला खोटं बोलता येत नसे, आणि दुसरं कुणी बोललेलं खपतही नसे. सात नंबर कोण, असं मॅडमनी विचारल्यावर तिने मान वर न करता सांगितलं, "या खोलीत सहा आहेत."

मॅडमनी फाईल मिटली. "म्हणजे आकडा फुगवायला खोटी फाईल केली. सह्यांसकट. बाई, यापुढे माझ्याकडे बोलण्यासारखं काही नाही."

वर्षभराचं खरं काम एका खऱ्याच फाईलपायी बुडत होतं. "खोटी नाही, मॅडम," बाई म्हणाल्या, "पण ती—"

"मी चौकशी करतो," सर मधेच म्हणाले. "खोटी असेल तर माझ्याइतकं वाईट कुणी—"

"खोटी नाही," मोजणी म्हणाली. "सगळ्या पट्ट्यांच्या मागे नंबर आहेत. सातवी तुमच्या टेबलावर आहे, सर."

सर ऑफिसात गेले. दार उघडंच होतं, त्यामुळे सगळ्यांना दिसलं. त्यांनी पट्टी उचलली, उलटी केली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत उभे राहिले. गळ्यातल्या दोरीला हात लावला. मग खिशातून बटण काढून त्याच्याकडे पाहिलं. व्हरांड्यात दोन फेऱ्या मारून ते खोलीत आले, तेव्हा बटण त्यांच्या मुठीत घट्ट होतं.

"बोला, बाई," ते म्हणाले.

बाईंनी सांगितलं, पहिल्या दिवसापासून सगळं, काही न लपवता. चूक माझी, मी न वाचता सह्या केल्या, शिक्षा मला करा, पण खोली मुलांकडून काढू नका, असंही म्हणाल्या. एवढा वेळ सरांनी अवाक्षर काढलं नाही. शाळेत असं पूर्वी कधी झालं नव्हतं, आणि मावशींनी घड्याळाकडे बघून घेतलं.

मग सरांनी बटण टेबलावर ठेवलं. "मॅडम, सात नंबर मी आहे. लहानपणी माझ्या दप्तरात काहीही सापडत नसे, आणि मार मिळाला की मला वाटे, आपणच मनावर घेत नाही. यंदा मी मनावर काहीसुद्धा घेतलं नव्हतं. सुधारलो. कसा, ते मला आत्ता कळतंय. खोली काढू नका."

मॅडमनी मिटलेली फाईल परत उघडली आणि घंटेचं ते पान पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा कोरडाच होता, पण ओठ दाबून धरायला त्यांना बरेच कष्ट पडत असावेत. मग बाकीच्या सहा फायली त्यांनी मागवल्या आणि या वेळी सावकाश वाचल्या, मुलांच्या शेजारी बसून, एकेकाला विचारत. निघताना शेरा लिहून त्यांनी कागद सरांपुढे सहीसाठी ठेवला.

सर इकडेतिकडे चष्मा शोधायला लागले.

"गळ्यात," मोजणी म्हणाली.

चष्मा लावून सरांनी वाचलं. खोली कायम ठेवावी. मोडके बाक विकून टाकावेत. विद्यार्थीसंख्या सात. सरांनी शेवटच्या आकड्याकडे एकदा पाहिलं, मॅडमकडे एकदा पाहिलं, आणि सही केली.