पंचविसातली सातवी

आमच्या शेजारच्या देवरामकाकांकडे पहिल्यांदाच जाणार असाल तर आधीच सांगून ठेवते. चप्पल फाटकापाशी काढायची. हात धुवायचे. मग काका तुमच्या खांद्यांना धरून बैठकीतल्या एका ठरलेल्या फरशीवर तुम्हाला उभं करतील, "हालू नका, नाही तं काचेवर उजेड येते," म्हणतील आणि भिंतीवरचा पडदा बाजूला करतील. पडद्यामागे देव नाही. सिनेमातली नटी आहे!

नटी आमच्या आईच्या जमान्यातली. नाव सांगत बसत नाही. तिला ओळखत नाही असं घर मध्य प्रदेशातल्या या अख्ख्या बालाघाट गावात सापडायचं नाही. गाल पिवळे, केस निळे, ओठ लालभडक आणि मान अशी वळलेली, की मागून कोणी हाक मारली असावी. चुकून कोणी "काय छान फोटो आहे हो" म्हटलं की झालं.

"फोटो नोहे बापा! छापा हाय, हातचा छापा. जाळीच्या कपड्यातून एकेक रंग ओढून काढला हाय. पिवळा सुकला का लाल, लाल सुकला का निळा. जरासा हात हालला का नाक गालावर! मोजून पंचवीस काढले अन् जाळी धुवून टाकली. खतम. त्यातली हे सातवी. सव्वीसावी कोनाच्या बापाजवळ भेटन तं दाखवा मले."

जन्म पाटबंधारे खात्यात बाबूगिरीत गेलेल्या माणसाला एवढं ज्ञान आलं कुठून, तर बसस्टँडजवळच्या लग्नपत्रिका छापणाऱ्याकडून. काका त्याच्या दुकानात रोज स्टुलावर जाऊन बसायचे आणि प्रत्येक रंगाला काहून, काहून विचारायचे. शेवटी तो बिचारा मला रस्त्यात अडवून म्हणाला, "मॅडम, काकाजीले घरी ठेवा नं. गिऱ्हाईक त्याइलेच मालक समजून राह्यले."

सुमनकाकूंचं दुःख निराळं. "माह्या लग्नाचा फोटो दिवाणात कोंबला अन् हे बया भिंतीवर. वरतून तिले पडदा! माह्या सैपाकखोलीच्या खिडकीले पडदा नाही."

मागच्या वर्षी काकांच्या पुतण्यासाठी सोयरीक घेऊन किरनापूरचे पाहुणे आले होते. त्यांच्यातल्या आजोबांनीही रीतसर चप्पल काढली, हात धुतले आणि फरशीवर उभे राहिले. पडदा सरकला. आजोबांची नजर अधू. भिंतीवर बाई, तिला फ्रेम, वर छोटा बल्ब; आपल्याकडे त्याचा अर्थ एकच होतो. स्वागताला मिळालेलं गुलाबाचं फूल त्यांनी फ्रेमपुढे धरलं, डोळे मिटले आणि जड आवाजात विचारलं, "मोठ्या देखण्या होत्या. केव्हा गेल्या?"

तेवढ्यात काकू पोह्यांच्या बशा घेऊन दारात! "अजून गेली नाही," त्या म्हणाल्या. "पोहे खाऊन घ्या, मंग मी जातो."

तरी लग्न जमलं, ही पोह्यांची पुण्याई.

मोहल्ला म्हणतो, म्हातारा सठिया गया, हिरोइनवर भाळला. मला असा राग येतो! काकांनी त्या नटीचा एकही सिनेमा पाहिलेला नाही. मी विचारलं होतं. "तीन तास अंधारात कोन बसन वं?" म्हणाले.

खरी गोष्ट अशी की तो छापा रजनीनं केलाय. रजनी म्हणजे काकांची एकुलती एक पोरगी. तिनं मास्तरीण व्हावं असं काकांच्या मनात, आणि ती निघाली नागपूरला चित्रकला शिकायला. "पोस्टरं रंगवाले वाढवलं का तुले?" असं भर अंगणात ओरडले. ती जी गेली, ती या घराची पायरी पुन्हा चढली नाही. काकूंशी फोनवर बोलते. तिचा फोन आला की काका नळाखाली बादली लावायला जातात. नळाला पाणी नसलं तरी.

मग नागपूरला तिच्या चित्रांचं प्रदर्शन लागलं, तेव्हा काका हळूच माझ्याकडे आले. "तू नागपूरले चालली नं? तिच्या हातचा एक घेऊन ये. घेनाऱ्याचं नाव तुह्यंच सांग. माह्यं काढू नको." मी आणला. रजनीच्या लेखी सातवी माझ्या भिंतीवर होती.

या उन्हाळ्यात तिचा मला फोन. भोपाळच्या मोठ्या प्रदर्शनात हाच छापा लागणार होता. पण तिच्याजवळचा ओल लागून खराब झालेला आणि बाकीचे कुठेकुठे गेलेले. "ताई, तुमचा थोडे दिन द्याल का? मी खुद येतो न्याले."

काकांना सांगितलं तर तोंड उतरलं. "तुह्या भिंतीवर टांगून देऊ. एक खिळा तं ठोकाचा हाय."

"काका, मी खिळाही ठोकणार नाही आणि खोटंही बोलणार नाही. पोरगी येऊन राहिली आहे, तुमच्या भिंतीवरूनच नेऊ द्या."

"हासन ते मले. म्हनन, तवा हाकललं अन् आता पडदे लावून राह्यला."

"हसू द्या की!"

"अन् हासलीबी नाही, तशीच निंगून गेली तं?"

एवढ्या भीतीपायी त्या माणसानं इतकी वर्षं स्वतःचं नाव लपवलं होतं.

रजनी आली. मी तिला घरात घेतलंच नाही. हाताला धरून सरळ शेजारी नेलं. "ताई, इकडं काहून?" म्हणेपर्यंत आम्ही बैठकीत. काका इस्त्रीचा सदरा घालून भिंतीपाशी उभे. काकू पदर तोंडाशी धरून दारात.

रजनीनं छाप्याकडे पाहिलं. मग बापाकडे.

काकांनी घसा साफ केला. मला वाटलं, आता माफी मागतील. कसली माफी! त्यांनी फ्रेमच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे पेन्सिलीनं मुंगीएवढी सही होती: रजनी देवराम.

"हे एवढं बारीक काहून लेहलं वं?" ते चक्क रागावले. "चष्मा लावूनबी दिसत नाही."

रजनीचे डोळे भरून आले. "मले वाटलं नव्हतं बाबा, तुमी पाहान म्हनून."

"रोज पाहतो," काका म्हणाले. "मोठं लेहत जा. लोकाइले दिसलं पायजे, कोनाची पोरगी हाय ते."